वाट वाकडी करून

घरी आलेल्या माणसाचे स्वागत करताना आपल्याकडे दोन वाक्ये हमखास वापरली जातात, आणि दोन्ही वाटेशी निगडित आहेत. बऱ्याच दिवसांनी कोणी दारात उभे राहिले, की ‘आज इकडे कुठे वाट चुकलात?’ असे विचारायचे. आणि पाहुणा निघाला, की ‘आमच्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करून आलात, बरं वाटलं,’ असे म्हणायचे. पहिल्या वाक्यात लटकी तक्रार आहे, दुसऱ्यात कृतज्ञता. एकात माणूस चुकून येतो, दुसऱ्यात जाणूनबुजून. पण सरळ वाट सोडल्याशिवाय माणसाला माणसाचे दार सापडत नाही, एवढे दोन्ही वाक्यांनी मान्य केलेले आहे.

असे असूनही, कारणावाचून घेतलेल्या वळशासाठी मराठीत चांगला शब्द शोधू गेले तर सापडत नाही. ‘हेलपाटा’ म्हटले की श्रम वाया गेल्याची चरफड आली. ‘फेरा’ म्हटले की चौऱ्याऐंशी लक्ष योनी आठवतात. ‘भटकणे’, ‘उंडारणे’, ‘उनाडकी’ या शब्दांत तर सरळ चारित्र्याचाच पंचनामा आहे. आणि कर्ता स्त्रीलिंगी असला, की ‘गावभर हिंडणे’ या साध्या शब्दप्रयोगाला कसली धार चढते हे सांगण्याची गरज नाही. कारणाशिवाय वाट सोडणारा माणूस आपल्या भाषेला संशयास्पद वाटतो. मलाही तो तसाच वाटत असे. वयाच्या तिशीत दोन-अडीच वर्षे परदेशात राहावे लागले नसते, तर कदाचित आजही वाटला असता.

२००८ च्या पावसाळ्यानंतर आम्ही जर्मनीत हायडेलबर्गला गेलो. नवऱ्याला जवळच्या वालडॉर्फ गावी सॉफ्टवेअरच्या कामावर पाठवले होते. मी महाविद्यालयातून बिनपगारी रजा घेतली होती. रोज सकाळी नवरा निघून जाई आणि मागे मी, दोन खोल्या आणि न कळणारी भाषा असे तिघे उरत असू. पहिले सहा महिने मी त्या गावात फक्त सरळ रेषा काढल्या असे म्हणायला हरकत नाही. घर ते भाषेचा वर्ग, वर्ग ते किराणा दुकान, दुकान ते घर. रस्ता चुकला तर कोणाला आणि कोणत्या विभक्तीत विचारायचे, या भीतीने मी एखादी गल्लीही नवी धरली नाही. वर्गात बाराखडी गिरवणाऱ्या मुलाने पाटीबाहेर खडू जाऊ देऊ नये, तशी मी जपून राहत होते.

मार्चमधल्या एका शनिवारी घरातली तूरडाळ संपली. ती मिळायची मानहाइमला. हायडेलबर्गच्या बिस्मार्कप्लाट्झ या चौकातून तिकडे जाणारी ट्राम होती. त्या काळी लोक तिला ‘ओ. ई. जी.’ म्हणत. मी पाटीवर मानहाइम वाचले, आत बसले, आणि गाडी नदीचा पूल ओलांडून भलत्याच दिशेला निघाली. पंधरा मिनिटांत डाव्या हाताला सपाट शेते आणि उजव्या हाताला डोंगराची रांग सुरू झाली. डोसेनहाइम, श्रीसहाइम अशी कधी न ऐकलेली स्थानके येऊ लागली. माझा चेहरा पाहून समोरच्या आजीबाईंनी चौकशी केली. मी ‘मानहाइम’ एवढा एकच शब्द उच्चारला. त्यांनी हवेत बोटाने एक मोठे वर्तुळ काढले आणि हसून मला बसूनच राहायची खूण केली. नंतर कळले ते असे, की ही गाडी हायडेलबर्ग, वाइनहाइम आणि मानहाइम या तीन गावांभोवती गोल फिरते. उजवीकडून गेले काय नि डावीकडून गेले काय, मानहाइम येतेच. फक्त वेळ जास्त लागतो.

तो जास्तीचा वेळ मला अजून जसाच्या तसा आठवतो. त्या डोंगराच्या पायथ्याला ‘बेर्गश्ट्रासे’ म्हणतात. तिथे उर्वरित जर्मनीच्या आधी वसंत येतो आणि मार्चमध्ये बदामाची झाडे फुलतात. पान एकही नाही, नुसती पांढरट गुलाबी फुले. आपल्याकडे पळस आणि पांगारा असेच पाने झटकून फुलतात, हे मला त्या खिडकीत बसून आठवले. डोंगरावर पडक्या गढ्या दिसत होत्या. वाइनहाइमला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा मी खाली उतरून फलाटावर उन्हात उभी राहिले. सहा महिन्यांत प्रथमच मी अशा जागी उभी होते, जिथे मला काहीही करायचे नव्हते. डाळ घेऊन घरी परतायला संध्याकाळ झाली. नवरा काळजीने खिडकीत उभा होता. मी मात्र कित्येक दिवसांनी गाणे गुणगुणत जिना चढले होते.

त्यानंतर मला चटकच लागली. आठवड्यातून एक दिवस कोणत्या तरी अनोळखी स्थानकावर उतरायचे. रस्त्याचे काम निघाले, की तिथे पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘उमलाइटुंग’ असा शब्द आणि बाण असतो. म्हणजे ‘वळसा घ्या’. ती पाटी एकदा दाखवून थांबत नाही. मूळ रस्त्यावर परत आणून सोडेपर्यंत जागोजागी सोबत करते. ‘काम चालू, रस्ता बंद’ एवढे सांगून पुढचे आपल्यावर सोपवणाऱ्या पाट्यांची सवय असलेल्या मला त्या बाणांचे फार अप्रूप वाटे. आडवाटांनी गावाची माहिती वाढते, अशा अर्थाची एक विनोदी म्हणही तिथल्या लोकांच्या तोंडी आहे. भाषेच्या वर्गात मी ती शिकले आणि प्रमाणापेक्षा जास्त वापरली.

अशाच एका भटकंतीत मी तिथल्या विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेच्या ग्रंथालयात जाऊन पोहोचले आणि नेकारच्या काठी मराठी पुस्तकांच्या रांगेसमोर उभी राहिले. गुंथर सोन्थायमर यांनी शिकवले ते हेच विद्यापीठ. हा माणूस मुळात कायद्याचा अभ्यासक. हिंदू एकत्र कुटुंबाची कायदेशीर संस्था हा त्याचा विषय. पण महाराष्ट्रात आल्यावर धनगरांच्या मागोमाग माळरानावर गेला आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावरचा त्याचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. एम. ए.ला आम्ही लोकदैवतांच्या अभ्यासात सोन्थायमरांचे नाव तोंडपाठ केले होते. पण हा सारा अभ्यास एका वळशातून निघाला आहे, हे मात्र आम्हांला परीक्षेत कोणी विचारले नव्हते.

त्या ग्रंथालयात मी ‘माझा प्रवास’ पुन्हा वाचले. गोडसे भटजींना शिकवताना आम्ही सत्तावनच्या उठावाचे साक्षीदार म्हणून शिकवतो. परदेशात एकटीने वाचताना मला ते निराळेच पुस्तक वाटले. पेणजवळच्या वरसईचा तरणा भिक्षुक १८५७ मध्ये काकांबरोबर घर सोडतो ते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडण्यासाठी. वाटेत महूजवळ बंडाची वर्दी मिळते आणि त्यानंतरची प्रत्येक वाट ही वाकडीच. झाशीच्या वेढ्यात तो आत सापडतो, लुटला जातो, पुन्हा मिळवतो, पुन्हा लुटला जातो. कर्ज फेडायला निघालेला माणूस शेवटी घरी आणतो काय, तर आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेच्या पाण्याची कावड. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्याने हे सारे लिहून काढले आणि १९०७ मध्ये ते छापले गेले. ठरल्याप्रमाणे यज्ञ पार पडून दक्षिणा मिळाली असती, तर मराठीला हे पुस्तक मिळाले नसते.

पंडिता रमाबाई १८८६ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. तो मार्चमध्ये फिलाडेल्फियाला पार पडला. रमाबाईंचा तिथला मुक्काम मात्र जवळजवळ तीन वर्षांचा झाला; आणि १८८९ मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवरचे त्यांचे पुस्तक आणि मुंबईतले शारदा सदन, दोन्ही एकाच वर्षी उभे राहिले. धर्मानंद कोसंबी १८९९ च्या अखेरीस गोव्यातले घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे भटकत सिंहलद्वीपाला पोहोचले आणि पुढे हार्वर्डपर्यंत गेले. परमुलखातल्या वाकड्या वाटांची अशी ही आपली वंशावळ. मी त्या काळी वहीत मोठ्या उत्साहाने तिची टिपणे काढली होती. परत गेल्यावर यावर निबंध वाचायचा, असे ठरवले होते. शीर्षकही तयार होते.

तो निबंध मी कधीच वाचला नाही. त्याचे कारण आरे कॉलनीत आहे.

माझे माहेर गोरेगाव पूर्वेला. वडील, म्हणजे आमचे अण्णा, वाई तालुक्यातल्या गावातून १९६२ मध्ये मुंबईला आले आणि सरकारी दूध योजनेत लागले. शहराच्या दाट वस्तीतले म्हशींचे तबेले बाहेर काढून एका जागी आणायचे आणि शहराला स्वच्छ दूध पुरवायचे, या विचारातून १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली. मार्च १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिची उभारणी करणारे दूध आयुक्त दारा खुरोडी यांना पुढे १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीज कुरियन यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तीसएक युनिटे, प्रत्येकात शेकडो म्हशी, गवताची कुरणे, आणि मधून जाणारे झाडांनी झाकलेले रस्ते, असे ते विलक्षण राज्य होते. अण्णांचे काम युनिटांतून दुधाचे नमुने घेऊन फॅट तपासण्याचे. रंगीत पत्र्याच्या टोपणांच्या बाटल्या, दूधकेंद्रावरची पहाटेची रांग आणि हातातले कार्ड, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या दुधाच्या वेळेची शिस्त सांगायला नको. अण्णांच्या सगळ्या आयुष्याला तीच शिस्त होती. ‘दूध थांबत नाही,’ हे त्यांचे एकमेव तत्त्वज्ञान. शाळेतून येताना आम्ही कुठे रेंगाळलो, तर ते एवढेच विचारत, “कुठे नासत होतात?” नासणे हे क्रियापद माणसांना लावणारे मी अण्णांखेरीज कोणी पाहिले नाही.

त्यामुळे जर्मनीहून मी रविवारी फोन करून माझ्या ट्रामच्या कथा सांगू लागले, की पलीकडे शांतता पसरे. मग ते विचारत, “पण तिथं काही काम होतं का?” काम नव्हते असे सांगितले, की म्हणत, “मग आईशी बोल.”

२०११ मध्ये आम्ही परतलो आणि गोरेगावातच राहिलो. तीन-चार वर्षांत अण्णांची आठवण विरू लागली. आधी नावे गेली, मग वार गेले. २०१६ च्या सुमारास ते पहाटे उठून कपडे करून दारात उभे राहू लागले. ‘ड्यूटीला उशीर होतोय,’ म्हणत. निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली होती. डॉक्टरांनी सांगितले, दाराला वरून कडी लावा. आईने लावली. अण्णा त्या कडीपाशी तासन्तास उभे राहत आणि हळू आवाजात कोणाची तरी माफी मागत. तिसऱ्या दिवशी मी कडी काढली आणि त्यांच्याबरोबर बाहेर पडले. ठरवले एवढेच, की त्यांना अडवायचे नाही, रस्ता सुचवायचा नाही. ते नेतील तिकडे मागे जायचे. अनोळखी गावात बिनकामाचे चालायला मी शिकले होते. ते शिक्षण असे उपयोगी पडेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

अशी आमची आरेतली भटकंती सुरू झाली. महाविद्यालयाला सुट्टी असेल त्या दिवशी सकाळी रिक्षाने द्रुतगती महामार्गापलीकडे जायचे, कॉलनीच्या तोंडाशी उतरायचे आणि अण्णांच्या मागे चालू लागायचे. महामार्गावरून मरोळ-पवईकडे जाणाऱ्या मोटारींना आरेतला रस्ता म्हणजे जवळची वाट. तो सोडून आत वळले, की तेच रान पायी चालणाऱ्याला वळशांचे आगर होते. पर्जन्यवृक्षांच्या कमानी, तबेल्यांचा उग्र ओला वास, मध्येच टोपलीत कंटोळी आणि शेवळे घेऊन निघालेल्या पाड्यांवरच्या बाया. या वसाहतीच्या आधीपासून तिथे वारल्यांचे, कोकणांचे, मल्हार कोळ्यांचे पाडे आहेत: केलटीपाडा, नवशाचा पाडा, जीवाचा पाडा, खांबाचा पाडा. मी चाळीस वर्षे त्यांच्यापासून एका महामार्गाच्या अंतरावर राहत होते आणि श्रीसहाइमच्या गढ्यांची नावे मला जास्त ठाऊक होती. ही लाज तेव्हा वाटली ती अजून पुरती गेलेली नाही.

अण्णा युनिटे शोधत असत. कधी सापडत, कधी तिथे दुसरेच काही असे. सापडले तरी त्यांना ओळखणारे कोणी उरले नव्हते. एखादा गवळी त्यांना बाजेवर बसवी, ‘बाबूजी’ म्हणे; अण्णा बादलीत डोकावून दुधाकडे पाहत आणि समाधानाने मान हलवीत. मला आठवते ते त्यांचे मध्येच थांबणे. जन्मात कधी न रेंगाळलेला हा माणूस आता वारुळापाशी थांबे, ओढ्यापाशी थांबे, एखाद्या झाडाला हात लावून उभा राही. विसरण्याने त्यांच्याकडून जवळजवळ सगळे काढून घेतले होते. त्यात ती घाईही गेली होती. मी मागे उभी राहून त्यांच्याकडे पाहत असे आणि, खोटे कशाला सांगू, मला आनंद होत असे.

२०१८ च्या श्रावणातली गोष्ट. त्या दिवशी दुपारी निघायला नको होते, पण निघालो. ढग दाटून आले होते. अण्णा नेहमीच्या फाट्याला न वळता डावीकडच्या पायवाटेने निघाले. मी मागोमाग गेले. वाट एका पाड्यावर संपली. अंगणात बसलेल्या बाईंनी विचारले, “कुठं जायचंय?” अण्णा म्हणाले, “बावीस नंबर.” बाईंनी माझ्याकडे पाहिले, क्षणात सारे ओळखले आणि घरातून कोरा चहा आणला. म्हणाल्या, “बाबाला अंधाराच्या आत घेऊन जा. वाघ फिरतो.” वारली माणसे बिबट्याला वाघच म्हणतात आणि त्याची पूजाही करतात. पाड्याच्या कडेला वाघोबाचे ठाणे होते. अण्णांनी चप्पल काढून हात जोडले, आणि परत कुठल्या पायात कुठली चप्पल घालायची, हे त्यांना समजेना. पाऊस सुरू झाला. मोबाईलला रेंज नव्हती. डांबरी रस्ता गाठेपर्यंत पुरता काळोख झाला. त्या अर्ध्या तासात झुडपात काही हलले, की माझ्या पोटात गोळा येत होता, आणि अण्णा मात्र माझा हात धरून शांतपणे, कोणी लहान मुलाला फिरायला न्यावे तसे चालले होते.

इमारतीच्या फाटकाशी आई छत्री घेऊन उभी होती. किती वेळ, ते तिने सांगितले नाही. अण्णांचे डोके पुसून, त्यांना जेवू घालून, झोपवून झाल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि आवाज न चढवता म्हणाली, “तुमचं फिरणं होतं. माझं वाट बघणं होतं.” मी काही बोलणार तोच पुढे म्हणाली, “तू जर्मनीतून बोलायचीस तेव्हाही ते फोन ठेवून अर्धा अर्धा तास गप्प बसायचे. तुला काय माहीत.”

निबंध राहून गेला तो त्या रात्री. ‘वाट वाकडी करणे’ या शब्दप्रयोगाचा मी इतका कीस काढला होता, पण त्याच्या शेजारचा ‘वाट पाहणे’ हा शब्दप्रयोग मला दिसलाच नव्हता. मी जुनी वही काढून टिपणे पुन्हा वाचली. कोसंबी घर सोडून निघाले तेव्हा मागे पत्नी होती आणि काही महिन्यांची मुलगी. गोडसे भटजी झाशीत अडकले तेव्हा वरसईला कर्ज होते आणि त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले आईवडील. ही माणसे वळशांनी मोठी झाली हे खरे. पण प्रत्येक वळशाच्या दुसऱ्या टोकाला कोणी तरी एका जागी उभे होते, आणि त्या उभे राहण्याचे प्रवासवर्णन कोणी लिहिले नाही. नेकारच्या काठी मी वाट्टेल त्या स्थानकावर उतरू शकत होते, कारण खिडकीत कोणी तरी होते. आरेतल्या पायवाटांवर मी अण्णांच्या मागे निश्चिंत हिंडत होते, कारण फाटकाशी आई होती. मला मिळालेला आनंद खोटा नव्हता. पण त्याची किंमत दुसरीकडे चुकती होत होती आणि पावती माझ्या नावावर फाटत होती.

त्यानंतर आम्ही फिरणे बंद केले नाही. एवढेच केले, की दिवसाउजेडी जायचे आणि शक्य तेव्हा आईलाही न्यायचे. तिचे गुडघे दुखत. ती छोटा काश्मीरच्या बाकावर बसे आणि आम्ही दोघे तिच्या नजरेच्या टप्प्यात फेऱ्या मारीत असू. वळसा लहान झाला. कधी कधी वाटे, की गंमतही कमी झाली. पण एकदा अण्णा आपणहून बाकाकडे वळले आणि आईच्या हातात शिरीषाचे फूल ठेवून पुढे गेले. ते फूल बरेच दिवस देवघरात होते.

४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने मेट्रोच्या कारशेडविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत झाडे तोडायला सुरुवात झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. जमावबंदी लागू होती, रस्त्यांवर अडथळे होते. माझ्या वर्गातली दोन मुले रात्रभर तिथे होती. त्या शनिवारी सकाळी अण्णा तयार होऊन बसले. आम्ही कॉलनीच्या तोंडाशी गेलो, तर पोलिसांनी थांबवले. अण्णांनी विचारले, “पुढं काय झालंय?” मी म्हटले, “काम चाललंय अण्णा, रस्ता बंद आहे.” त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारले, “मग कुठून जायचं?” बाण दाखवणारी पाटी कुठेही नव्हती. आम्ही परत आलो. नंतर त्यांचे चालणेच कमी होत गेले. २०२० च्या जानेवारीत ते गेले.

आता त्याच कारशेडमधून निघणारी गाडी माझ्या रोजच्या उपयोगाची आहे. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा तिचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. माझे महाविद्यालय दक्षिण मुंबईत. पूर्वी दोन तास खाणारा प्रवास आता तासाभरात होतो. या सोयीबद्दल मी आभारी आहे आणि हे म्हणताना मला संकोच वाटतो. दोन्ही भावना खऱ्या आहेत. त्यांतली एक पुसून टाकून लेख नीटनेटका करणे मला शक्य नाही. भुयारातून जाणाऱ्या त्या गाडीला खिडक्या आहेत, पण बाहेर काही नाही. संध्याकाळी आरे स्थानकावर उतरले, की अधूनमधून मी रिक्षा आतल्या रस्त्याने घ्यायला सांगते आणि निघण्यापूर्वी आईला फोन करते, “वळसा घालून येतेय. वीस मिनिटं जास्त लागतील.” ती म्हणते, “ये सावकाश.” हे दोन शब्द म्हणायला तिला किती वर्षे लागली, आणि तो फोन करायला मला किती, याचा हिशेब आम्ही कधी केलेला नाही.

एक सांगायचे राहिले. २०१९ च्या डिसेंबरमधली दुपार होती. अण्णा खिडकीजवळच्या खाटेवर पडून होते. मी महाविद्यालयातून लवकर सुटून तशीच माहेरी गेले. चाहूल लागताच त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिले आणि उठून बसायचा प्रयत्न केला. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख नव्हती. पण यजमानाची लगबग होती.

“या, या बाई,” ते म्हणाले. “आज इकडं कुठं वाट चुकलात?”

स्वयंपाकघराच्या दारात आई थबकली. मी खाटेच्या कडेला बसले.

“हो ना,” मी म्हटले, “जरा चुकलेच. म्हटलं, आलोच आहोत तर भेटून जावं.”

“बरं केलंत,” ते म्हणाले आणि आईकडे वळून पाहत त्यांनी सांगितले, “अगं, पाहुण्यांना चहा टाक. लांबून आल्यात.”